फुकट प्रवासाबद्दल माझं मत

मॉरिशसला राहायला आले तेव्हा सरकारने कुणालाही फुकट फिरवू नये, या मताची मी होते. हे मत मी पुण्याहूनच घेऊन आले. २०२२ साली महाराष्ट्रात पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी मोफत झाली, पुढच्या वर्षी मार्चमध्ये बायकांना अर्धं तिकीट आलं. दोन्ही वेळा मी घरात आणि ऑफिसात तावातावाने विरोधात बोलले होते. आधी गाड्या वाढवा, मग सवलती वाटा, असं माझं म्हणणं. गाड्या वाढवा हे मी आजही म्हणते. सवलतीबद्दलचं मत मात्र इथल्या कात्र बोर्न शहरातल्या बसथांब्यावर हळूहळू बदलत गेलं.

इथे नव्याने येणाऱ्याला सगळे सांगतात, देश एवढासा, कुठेही तासाभरात पोचाल. नकाशावर ते खरं आहे. मुख्य बेट लांबीला पासष्ट किलोमीटर, रुंदीला पंचेचाळीस. पण बसने फिरायला लागलं की हिशेब बदलतो. मध्ये पठार आहे. दक्षिणेला जायचं तर क्युरपीपला गाडी बदला, उत्तरेला जायचं तर पोर्ट लुईला. गावाकडच्या बस संध्याकाळी सहा-साडेसहानंतर विरळ होत जातात. म्हणून दुसरा सल्ला लगेच येतो, गाडी घेऊन टाका. वाहनं इथेही डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपल्याला अवघड काहीच नाही. पण सकाळी पोर्ट लुईकडे जाणाऱ्या रस्त्यावर खोळंबलेली रांग पाहिली आणि मी तो विचार पुढे ढकलला.

एबेनला माझं ऑफिस आहे, तिथवर मेट्रो जाते. या देशात १८६४ पासून आगगाडी होती. १९५६ मध्ये प्रवाशांसाठी ती बंद पडली आणि पुढची सहा दशकं सगळा भार बसवर आला. आता जुन्या रेल्वेच्याच मार्गावरून बऱ्याच ठिकाणी मेट्रो धावते. ती आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधली, भारत सरकारच्या मदतीने. २०२२ मध्ये ती क्युरपीपपर्यंत पोचली, त्याचा इथल्या लोकांना झालेला आनंद मला समजतो. तरीही बाजार, दवाखाना, ओळखीपाळखीच्या लोकांची घरं यांसाठी बसच लागते.

माझी पाळी दुपारची, म्हणून अशा कामांसाठी मला सकाळची दहा-साडेदहाची बस मिळते. ही बस म्हाताऱ्या माणसांची असते. सप्टेंबर २००५ पासून ज्येष्ठ नागरिकांना आणि विद्यार्थ्यांना इथे बस मोफत आहे, बस सरकारी असो की खासगी. भाड्याची भरपाई सरकार करतं. बुधवारी आणि शनिवारी कात्र बोर्नला भाजीबाजार भरतो. त्या दिवशी बायका विणलेल्या पिशव्या घेऊन चढतात, पिशवीतून शेवग्याच्या पाल्याची जुडी डोकावत असते. चढता चढता पास दाखवायचा, कंडक्टरला त्याच्या आईची तब्येत विचारायची, मग पुढच्या सीटवरच्या बाईच्या खांद्याला हात लावून बोलणं सुरू. पहिले काही आठवडे मी हे बघत मनात हिशेब मांडायचे की यातल्या किती जणींना खरंच कुठे जायचं आहे.

आमच्या घरमालकांची आई सत्तरीच्या पुढची आहे. सगळे तिला तांतिन म्हणतात, मीही म्हणते. तिचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर आले. घरात क्रिओल बोलतात, पण इथे राष्ट्रीय सुट्टी असलेल्या गणेश चतुर्थीला तिला आरत्या तोंडपाठ असतात. तांतिनला गाडी चालवता येत नाही. ती कांदोसच्या सरकारी इस्पितळात एकटी जाते, वाक्वाला मुलीकडे जाते आणि क्युरपीपला बस बदलून थेट माहेबुर्गला बहिणीकडे जाते. एकदा मी विचारलं, “बहिणीकडे काही आहे का आज?” ती म्हणाली, “काही नाही. समुद्र बघू, चहा पिऊ, येऊ.”

त्या उत्तराने मला सांगलीची माझी आई दिसू लागली. आईला पेन्शन नाही. कुठे जायचं तर दादाकडे पैसे मागायचे, आणि पैसे मागायचे म्हणजे कारण सांगायचं. लग्न, बारसं, दवाखाना ही कारणं चालतात. बहिणीशी गप्पा मारायच्या आहेत, हे कारण तिने आयुष्यात कधी उच्चारलं नाही. “एवढ्यासाठी कशाला खर्च,” असं स्वतःच म्हणून ती दारातून मागे फिरायची. दादा कधीच नाही म्हणाला नसता. तरी विचारावं लागतं, ते लागतंच. फुकट पासाने तिकिटाचे पैसे वाचतात, एवढाच विचार मी पुण्यात केला होता. तांतिनला मात्र घराबाहेर पडताना कुणाला कारण द्यावं लागत नाही, आणि त्यासाठी माझ्या करातला पैसा जात असेल तर मला तो जायला हवा आहे.

योजनेत त्रुटी आहेत. थांब्यावर फक्त पासवाली म्हातारी माणसं दिसली की एखादा ड्रायव्हर गाडी न थांबवता पुढे काढतो. हे मी पाहिलं आहे आणि मला त्याचा संताप येतो. बहिणीकडून निघायला उशीर झाला तर तांतिनला तिथेच मुक्काम करावा लागतो. फुकट पासाबरोबर संध्याकाळची बसही हवी, हे मी इथे भेटेल त्याला सांगते.

आईला पंचाहत्तर पूर्ण होऊन बराच काळ झाला. एसटीची मोफत सवलत तिने कधी वापरली नव्हती, आणि “त्या गर्दीत कशाला जातेस” असं मीच तिला म्हणाले होते. गेल्या महिन्यात मी फोनवर सांगितलं, आधार कार्ड घे आणि तासगावला मावशीकडे जाऊन ये. ती गेली, दोन दिवस राहिली. दादाचा फोन आला, “एकटी पाठवलीस, पडली असती म्हणजे?” मी म्हटलं, बसची पायरी तिच्या गुडघ्याला उंच पडते हे खरं आहे, त्याचा अर्ज आपण दोघं मिळून आगारात देऊ. पुढच्या महिन्यात ती पुन्हा जाणार आहे.