थिबाच्या लेकी

पोरगी पळून गेली की गाव आधी विचारतं, कुणाबरोबर? मग त्याची जात, नोकरी, घराणं सगळं उकरून काढलं जातं. ती ज्या घरातून गेली, त्या घराची चौकशी मात्र कुणी करत नाही. ती करायची तर रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याइतकी चांगली जागा नाही. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा आणि राणी सुपायालत यांना इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये त्यांच्यासाठी जांभ्या दगडाचा हा वाडा बांधून झाला. उतरती छपरं, अर्धगोल खिडक्या, लाकडावरचं कोरीवकाम आणि खाली पसरलेली खाडी. खिडकीतून सगळं दिसावं आणि जायला कुठेही मुभा नसावी, अशी ही जागा. चार राजकन्या रत्नागिरीच्या कैदेत वाढल्या. ब्रह्मी राजघराण्यात सोयरीक राजरक्तातच व्हायची; खुद्द सुपायालत थिबाची सावत्र बहीण. असा वर कोकणात कुठून यायचा? मुलींची तिशी उलटली तरी आईबाप हटले नाहीत. अखेर थिबाच्या मृत्यूनंतर काही काळातच, १९१७ साली, दुसरी राजकन्या वाड्याच्या पदरी असलेल्या खिन माँग या ब्रह्मी तरुणाबरोबर निघून गेली. आसरा मागितला तो गोऱ्या साहेबाकडे. ज्या सरकारने बापाचं राज्य बुडवलं, त्याचंच दार तिला सख्ख्या आईच्या दारापेक्षा उघडं वाटलं. मुलं पळतात ती बहुधा दोन्हीकडून कोंडी झाल्यावर, आणि ती कोंडी आधी वडीलधाऱ्यांनी केलेली असते.

यावर कुणी थोरलीकडे बोट दाखवील. तिनेही मनासारखंच केलं ना? तिचा जीव जडला तो घराच्या पहाऱ्यावरच्या गोपाळ सावंतांवर, आणि ते आधीच विवाहित होते. या संबंधातून टुटू ही मुलगी झाली. राजकन्या हलाखीत दिवस काढून १९४७ साली रत्नागिरीतच वारली. मग आईबापांना पोरांपेक्षा जास्त कळतं, हेच खरं नव्हे का? आक्षेप वजनदार आहे, पण तो उलटतो तो आईबापांवरच. जिला दहा माणसं भेटूच दिली नाहीत, तिने समोरच्या एकाला निवडलं, तर ती निवड कसली? पारख माणसांत वावरून येते, कुंपणाआड येत नाही. आणि कैद तीच, घराणं तेच असूनही दुसरीचा संसार कालिम्पाँगला अखेरपर्यंत टिकला. म्हणजे पळून केलेलं लग्न फसतंच, हाही नियम नव्हे.

दुसरा आक्षेप आजचा. आता मुली कॉलेजात जातात, हातात मोबाइल आहे, मग कोंडी कुठे? कोंडी आता शेवटच्या दारापाशी आहे. शिका, कमवा, पण लग्न आम्ही सांगू तिथेच. कायदा सज्ञानांच्या बाजूने आहे. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराण्याची वा जमातीची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितलं. तरीही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लागते, आणि ज्यांच्यापासून लपायचं त्यांच्यापर्यंत ती हमखास पोचते. म्हणून तर जोडपी नोटिशीविना झटपट लग्न लावायला आळंदी गाठतात. आईबापांच्या दुःखाचं काय, असं विचाराल तर ते खरंच असतं. मूल न सांगता गेल्याचा घाव लवकर भरत नाही. पण सांगायची सोय घरात होती का, हे विचारल्याशिवाय त्या दुःखाचा हिशेब पुरा होत नाही. सुपायालत १९१९ साली मायदेशी परतली. दुसरी लेक इकडेच राहिली. मान राखायला निघालेल्या आईच्या हाती शेवटी मानही उरला नाही आणि मुलगीही. तेव्हा घरात लग्नाची मुलंमुली असतील, तर तुमच्या मनात कोण आहे, हे त्यांना आजच विचारा, आणि उत्तर आवडलं नाही तरी पुरतं ऐकून घ्या.