हात आखडण्याआधी

मंदीची कुणकुण लागली की घरोघरी पहिली कात्री बाहेरच्या चहाला आणि पेपरच्या बिलाला लागते. त्यातून महिन्याला सुटून सुटून किती सुटणार? घर अडतं ते हप्त्यांपाशी. भाजी कमी आणता येते, हप्ता कमी भरता येत नाही. म्हणून पगार थांबला तरी न थांबणारे खर्च तेवढे वेगळे लिहावेत : घराचा हप्ता किंवा भाडं, शाळेची फी, वीज, औषधं, किराणा. त्या महिन्याच्या बेरजेच्या सहापट रक्कम लगेच मोडता येईल अशी हवी. पगाराच्या सहापट म्हटलं की माणूस आकडा ऐकूनच हातपाय गाळतो.

०

गिरणगावात कित्येक घरांत नवरा गिरणीत आणि बायको खाणावळ चालवणारी. म्हणजे दोन मिळकती. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हळूहळू दोन्ही बसल्या, कारण जेवायला येणारेही गिरणीवालेच. त्यांतले कितीतरी गावाकडे निघून गेले. आज हिंजवडीत नवरा-बायको दोघं आयटीत, गुंतवणुकीचा फ्लॅट तिथेच, भाडेकरूही आयटीतला, वर थोडे कंपनीचेच शेअर. कागदावर चार मिळकती, पण टांगलेल्या एकाच खुंटीला. अशा घरात कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असेल, तर त्या पगाराला निदान मंदीत तरी हसू नये.

०

बोनस आला की गृहकर्जात भरून मोकळं व्हायचं, ही आपली जुनी खोड. डोक्यावर कर्ज नको. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंडही नाही. पण साध्या गृहकर्जात भरलेले पाच लाख अडचणीत परत मागता येत नाहीत, आणि पुढल्या महिन्याचा हप्ता बँक मागतेच. आधी ती सहापटीची गंगाजळी, मग ही हौस.

०

करोनात, २०२०मध्ये, मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची सवलत होती. पुष्कळांना ती माफीच वाटली. व्याज चालूच होतं. तीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता २६ हजारांच्या घरात. अगदी सुरुवातीचे सहा हप्ते थांबवले आणि पुढे हप्ता तेवढाच ठेवला, तर २४० हप्त्यांचे जवळजवळ २७० होतात. दुसरा इलाजच नसेल तर घ्यावी अशी सवलत, पण हा हिशेब करून.

०

सोनं. तारण ठेवायला गेलं की मूल्यमापक बांगडी कसोटीच्या दगडावर घासतो, रेघेवर आम्लाचा थेंब सोडतो आणि मग खडे, मोती, लाख यांचं वजन कापतो. घडणावळ तर हिशेबातच नाही. उरलेल्या सोन्याच्या किमतीवर कर्ज, तेही पूर्ण किमतीचं नाही. बिस्किटांवर कर्ज द्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तेव्हा अडीनडीसाठीच घ्यायचं असेल तर बिनखड्याच्या पाटल्या. मोत्यांची नथ जरूर घ्यावी, पण ती हौसेच्या खात्यातून.

०

सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा पहिल्या आदेशात खात्यातून काढता येणारी रक्कम होती हजार रुपये. ती पुढे वाढवत नेली. फेब्रुवारी २०२०पासून बँकठेवींचा विमा एका लाखावरून पाच लाखांवर गेला. माणशी, एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून आणि व्याजासकट. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. तिथे एखादा टक्का जास्त मिळतो तो उगाच नाही. चेअरमन आपल्या आळीतलेच आहेत, हे ठीक. पण त्याने ठेव सुरक्षित होत नाही.

०

कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी नोकरी असतानाच घ्यावी. आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

०

लग्नाचा खर्च कमी करता येत नाही म्हणतात. २०२०मध्ये पन्नास माणसांत लागलीच की लग्नं, आणि त्यांचे संसार इतरांसारखेच चाललेत. आता हे व्याह्यांना कोणी सांगायचं, एवढाच प्रश्न.