राजवाडा आणि माणिकबाग

इंदूरला येणारा पाहुणा राजवाडा पाहतो, म्हणजे बहुधा त्याचे छायाचित्र घेतो आणि सराफ्यातील खाऊगल्लीकडे वळतो. सराफ्याचे आकर्षण मोठे आहे हे मान्य. परंतु वास्तू कशी पाहावी हे सहसा कोणी सांगत नाही, हेही तितकेच खरे. कवितेतील यती आणि वृत्त आपण शाळेत शिकतो. दगडविटांच्या रचनेलाही यती असतो, याकडे मात्र क्वचितच कोणी लक्ष वेधतो.

राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. तेथे थोडा वेळ स्वस्थ उभे राहावे. मधोमध भव्य दरवाजा आणि त्यावर चढत गेलेले एकूण सात मजले. दोन्ही बाजूंचे भाग मात्र बसके, टोकांना गोल बुरूज असलेले. मधल्या उंचीला या पसरट बाजूंनी जणू हात धरून सावरले आहे. त्या नसत्या तर ही उंची एकाकी आणि काहीशी उद्धट वाटली असती. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार मुख्यतः विटा आणि लाकडाचे. जडपणा पायाशी, हलकेपणा माथ्याशी. बांधणाऱ्याची सोय आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांची सोय येथे एकच झाली आहे. दृष्टी प्रथम दरवाजावर स्थिरावते आणि मग सज्ज्यांच्या आणि खिडक्यांच्या आवर्तनांतून पायरी-पायरीने वर जाते. एकच आकार पुन्हा पुन्हा येतो, तरी कंटाळा येत नाही. लय म्हणतात ती हीच.

आणखी एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. ही उंची कळते ती समोर मोकळी जागा आहे म्हणून. हाच वाडा एखाद्या बोळात असता, तर मान वर करूनही सात मजले एका दृष्टिक्षेपात मावले नसते. रिकामी जागा हीसुद्धा रचनेचा भागच असते; घर सजवताना प्रत्येक कोपरा भरून टाकण्याची हौस असलेल्यांनी हे अवश्य पाहावे.

१९८४ च्या दंगलीत लागलेल्या आगीत वाड्याचा मागचा मोठा भाग जळाला. दर्शनी भाग वाचला. पुढे २००६-०७ च्या सुमारास मागील भाग जुन्या धर्तीवर पुन्हा उभारण्यात आला. घाव मोठा होता. पण दरवाजा, मजले, बुरूज आणि समोरचा चौक यांचे परस्परांशी असलेले नाते तुटले नव्हते, म्हणून राजवाडा राजवाडाच राहिला.

याच घराण्यातील यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० ते ३३ च्या दरम्यान माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून सिद्ध करवून घेतला. तेव्हा दोघेही तिशीच्या आतले होते. येथे नक्षी नाही, झुंबरांचा लखलखाट नाही. सरळ रेषा, सपाट पृष्ठभाग, धातू आणि काच. वाचनाचे दिवे आतच बसवलेल्या तांबड्या कृत्रिम चामड्याच्या दोन आरामखुर्च्या, इव्हान द सिल्व्हा ब्रून्सचे भौमितिक गालिचे, आयलीन ग्रे आणि ल कोर्ब्युझिए यांच्या खुर्च्या. अलंकार वर्ज्य केल्यावर उरते ते केवळ प्रमाण, आणि तेथे चूक लपवायला जागाच नसते. नक्षीदार खोलीत एखादी वस्तू हलवली तरी खपते. येथे खुर्ची हातभर सरकली तरी खोली बिघडेल.

आणि झाले ते नेमके तसेच, फार मोठ्या प्रमाणावर. १९८० साली माँटे कार्लो येथे या महालातील सामानाचा लिलाव झाला आणि वस्तू जगभरच्या संग्रहांत विखुरल्या. त्यांतील कित्येक २०१९ मध्ये पॅरिसच्या एका प्रदर्शनात पुन्हा एकत्र आल्या. प्रत्येक वस्तू सुंदर, पण ज्या भिंतींसाठी त्या घडल्या त्या भिंती इंदुरात. भिंती शाबूत आहेत. त्यांच्या आड केंद्र सरकारचे कर-कार्यालय चालते.

मुथेसियसने त्या काळी या खोल्यांची छायाचित्रे काढून ठेवली आहेत. ती मिळाली तर सावकाश पाहावीत: दिवा खुर्चीच्या कोणत्या बाजूला आहे, गालिच्याची कड भिंतीपासून किती अंतरावर थांबते, आणि मधली जमीन किती मोकळी सोडली आहे.