शफक आणि एका मुलीचा प्रश्न

आमचं घर खडकवासल्यात, धरणापासून चालत दहा मिनिटांवर. लहानपणी मगरिबची नमाज झाली की अब्बा मला पाण्याच्या काठी न्यायचे. सूर्य बुडाल्यावर आभाळात रेंगाळणारा उजेड म्हणजे शफक, आणि ती मावळली की इशाचा वक्त सुरू होतो, हे मी तिथंच शिकले.

मे 2024 मध्ये लडाखमधल्या हानले वेधशाळेचा एक फोटो मोबाईलवर आला. 10 तारखेच्या रात्री तिथलं आभाळ लाल झालं होतं. मध्यरात्रीची शफक! अरबीत ध्रुवीय प्रकाशाला ‘अश्-शफक अल्-कुतबी’, म्हणजे ध्रुवावरची शफक, असंच म्हणतात.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि मराठी शिकवते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तो फोटो सातवीच्या वर्गात दाखवला आणि पाठ असलेलं उत्तर दिलं: सूर्याकडून विद्युतभारित कण येतात, हवेवर आदळतात, हवा चमकते.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “टीचर, कण सूर्याकडून येतात, तर ते दिवसाच्या बाजूला आदळतील. मग उजेड रात्री कसा?”

मला उत्तर येत नव्हतं. “पुढच्या वर्गात शिकाल, बस,” मी म्हणाले. ती बसली. त्यानंतर दोन आठवडे तिनं हात वर केला नाही. मला ते टोचत राहिलं. वीस वर्षं मी मुलांना ‘प्रश्न विचारा’ सांगत आले, आणि प्रश्न आला तेव्हा मीच दार लावून घेतलं.

मग वाचायला बसले. कळलं ते असं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सूर्याकडचे बहुतेक कण बाजूला वळवतं. पण कणांचा तो वारा हे क्षेत्र रात्रीच्या बाजूला शेपटीसारखं लांब ताणतो. बेचकीचं रबर फार ताणलं की सुटतं, तसं ते तुटून पुन्हा जुळतं आणि झटक्यानं मागे येतं. त्या झटक्यानं चुंबकीय रेषांवरून लाटा पृथ्वीकडे धावतात. स्वीडनचे हान्नेस आल्फवेन यांनी 1942 मध्ये या लाटा मांडल्या, म्हणून त्या आल्फवेन लाटा.

या लाटा इलेक्ट्रॉनना वेग देतात, पण सगळ्यांना नाही. वर्गात मी बसचं उदाहरण दिलं. धावती बस उभ्या माणसाला घेत नाही. जो तिच्याबरोबर जवळपास तितक्याच वेगानं पळतो, त्याच्याच हाती दांडा लागतो आणि बस त्याला ओढून नेते. (हे कुणी करून पाहायचं नाही, हेही बजावलं.) इलेक्ट्रॉनचंही तसंच. वेग मिळालेले इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे 20,000 किलोमीटरपर्यंत जातात; पापणी लवते तेवढ्यात काश्मीर ते कन्याकुमारी! शंभर किलोमीटरच्या आसपास ऑक्सिजनला धडकले तर हिरवा उजेड, दोनशेच्या वर लाल. वेग देण्याचा हा एकच मार्ग नाही, पण 2021 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी लॉस एंजेलिसमधल्या 20 मीटर लांब यंत्रात तो प्रत्यक्ष घडताना मोजला.

आणि हे फक्त ध्रुवांचं नाही. 4 फेब्रुवारी 1872 च्या रात्री मोठ्या चुंबकीय वादळात हा प्रकाश मुंबईत दिसल्याची बातमी तेव्हाच्या वर्तमानपत्रात आहे. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा तेव्हा कुलाब्यात होती. पुढे विजेच्या ट्राममुळे मोजमाप बिघडेल म्हणून 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली.

हे सांगण्याआधी मी वर्गाला म्हटलं, “त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी हिला बसवलं. चूक माझी होती.” वर्ग गप्प झाला. माझं बोलून झालं तेव्हा मागच्या बाकावरून हात वर आला.

“टीचर, मग 1872 मध्ये मुंबईत लोकांनी इशाची नमाज कधी पढली असेल? शफक मावळली की नाही, ते कसं कळलं?”

मी हसले. “मला माहीत नाही,” म्हणाले आणि तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

संध्याकाळी धरणाच्या काठी अब्बांना विचारलं. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “सवाल अच्छा है. त्या मुलीला माझा सलाम सांग.”