आईचा पाय

९ डिसेंबर, नागपूर
आईच्या हत्तीपायाच्या बोटांच्या बेचक्यांत हिरवा रंग टोचला आणि वरून अवरक्त कॅमेरा फिरवला. घोट्याजवळ सरळ, चमकत्या रेघा उमटल्या. पोटरीवर मात्र नुसते पसरट डाग. रेघ दिसते तिथली लसीकावाहिनी अजून चालते, डाग आहे तिथे पाणी कातडीतच मुरतं. रेघा आहेत म्हणूनच शस्त्रक्रिया शक्य आहे. हत्तीपायाला इलाज नाही, हे आमच्या चंद्रपूरकडे सगळे सांगतात. डीईसी या औषधाच्या गोळीने हत्तीपाय आणणारे जंत आटोक्यात येतात, पण बिघडलेल्या वाहिन्या दुरुस्त होत नाहीत, एवढंच त्यातलं खरं.

११ डिसेंबर
पलीकडच्या खाटेवरच्या मावशींचा पाय लाकडासारखा कडक झालाय. लसीकावाहिनी शिरेला जोडायच्या शस्त्रक्रियेचा त्यांना उपयोग नाही. साठलेली चरबी नळीने ओढून काढतील आणि दाबाचे मोजे मात्र जन्मभर घालावे लागतील. सुजलेली कातडी स्नायूंवरच्या पडद्यापर्यंत सोलून वर नवी कातडी लावायची आणखी एक जुनी पद्धत आहे, ती चार्ल्स नावाच्या सर्जनच्या नावाने ओळखली जाते. फार अवघड पायांवर ती अजूनही करतात. मावशी दहा वर्षं आधी इथे यायला हव्या होत्या. त्यांना कुणी पाठवलंच नाही, याचा मला फार राग येतो.

१३ डिसेंबर
आईची शस्त्रक्रिया झाली. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची लसीकावाहिनी तेवढ्याच बारीक शिरेला जोडायची, म्हणजे तुंबलेलं पाणी थेट रक्तात जातं. धागा केसाहून बारीक, सगळं काम सूक्ष्मदर्शकाखाली. आई जागीच होती. फक्त पाय बधिर केला होता.

२७ डिसेंबर
टाके निघाले. "डॉक्टरसाहेब, आता हे पट्टी सुटंन ना?" आईने विचारलं. "नाही आजी, पट्टी आणि साबणपाणी दोन्ही रोज." बेचक्यांतल्या भेगांतून जंतू शिरतात, थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो आणि अशा प्रत्येक तापात आणखी वाहिन्या निकामी होतात. जंतांची पिल्लं रात्री रक्तात उतरतात म्हणून गावात रात्री रक्त तपासायला माणसं येतात. सुजलेला पाय कसा धुवायचा, कसा कोरडा करायचा, हेही त्यांनी त्याच फेरीत दाखवावं.

२२ फेब्रुवारी, गाव
पोटरीचा घेर थोडा उतरलाय. पाय पूर्वीसारखा होणार नाही, हे आईला ठाऊक आहे. पण ताप आलेला नाही, आणि मला त्याचंच मोल जास्त वाटतं. शेजारच्या काकूंचा पाय आता सुजायला लागलाय, बोटांत चिखल्याही आहेत. उद्यापासून त्यांना पाय धुवायला शिकवते. त्यांची तपासणी याच महिन्यात व्हायला हवी.