एक जुलैची पोरं

वीकेण्डला गोवा-महाबळेश्वर सगळेच करतात. आम्ही गेलो वाशिमला. भर जुलैत, एका रजिस्टरच्या शोधात.

"वाशिम? ते नवी मुंबईतलं ना?"

"ते वाशी, सर. हे वाशिम. अकोल्याच्या खाली."

सुट्टी मागताना टीम लीडशी झालेला हा संवाद. त्यांना दोष नाही. पुण्यात माझी ओळख 'विदर्भातली' इथेच संपते. वाशिम म्हटलं की समोरचा मोबाइलवर मॅप उघडतो.

कारण मात्र सॉलिड होतं. धाकट्या भावाची इंजिनीअरिंगची अ‍ॅडमिशन तोंडावर आलेली आणि त्याची 'व्हॅलिडिटी' अडकलेली. या भानगडीतून जे गेलेत त्यांना जास्त सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: जातीचा दाखला पुरत नाही, तो पडताळून घ्यावा लागतो. त्यासाठी घरातल्या कुणाचा तरी जुना कागद लागतो. किती जुना? अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, आमच्यासारख्या विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आम्ही बंजारा. मी कॉमर्सवाली, मला कधी गरज पडली नाही. बाबा प्रायव्हेट नोकरीत, त्यांनाही नाही. तांड्यावर जन्माची नोंद कोण ठेवणार? त्यामुळे सगळा भार एकाच माणसावर. आजोबांवर. घरातले हायस्कूलची पायरी चढलेले पहिले.

"रजिस्टर असंल तिथंच," ते म्हणाले. "पण मीबी येतो."

वय ऐंशीच्या पुढे. गुडघे कुरकुरतात. पण बॅग त्यांनी माझ्याआधी भरली.

तीन राज्यं, एक बाक

रात्रीच्या गाडीने अकोला, सकाळी एस.टी. पातूरचा घाट, मेडशी, मालेगाव. पाऊस नुकताच पडून गेलेला आणि दोन्ही बाजूंना कोवळं सोयाबीन. "इथं कापूस अन् ज्वारी होती सगळी," आजोबा खिडकीतून सांगत होते. अकोला-पूर्णा रेल्वे २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली, पण त्यांच्या तोंडी ती अजून 'छोटी लाइन'च.

वाशिम गावाचा रुबाब मुळात जुना. वत्सगुल्म या नावाने ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. त्याच घराण्यातल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची काही देखणी लेणी कोरली गेली. इंग्रजांच्या काळात 'बासीम' हा जिल्हाच होता. १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यात घातला आणि पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडला. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आजोबा पाचवीला हायस्कूलमध्ये आले ते १९५६ च्या जुलैत. तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि दिवाळीच्या आसपास पोरं मुंबई राज्यात गेली. १ मे १९६० ला महाराष्ट्र. "बाक तोच," आजोबा म्हणतात, "नकाशा तेवढा बदलायचा. भूगोलाच्या सरांची लई पंचाईत."

साठ जागा, नव्वद पोरं

शाळेचं नाव लिहीत नाही, कारण अशा शाळा तेव्हा वऱ्हाडभर होत्या. एल आकाराची इमारत, कौलं, मधे कडुनिंब. हायस्कूल तालुक्याच्या गावीच, त्यामुळे पंचवीस-तीस खेड्यांतली पोरं एकाच फाटकातून आत शिरायची. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने अमरावतीहून विदर्भभर शाळा काढायला सुरुवात केली होती. शेतकऱ्याच्या पोरानेही मॅट्रिक व्हावं, ही हवा खेड्यापर्यंत आली होती. हवा आली, पण खोल्या तेवढ्याच राहिल्या.

आजोबांच्या हिशेबाने वर्गात साठ जणांची जागा आणि नव्वद पोरं. तिघांच्या बाकावर पाच. उरलेले तरटपट्टीवर. मुली चार, त्याही दाराजवळ, घंटा झाली की आधी बाहेर. घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा. ती वाजवणारा चपराशी हा शाळेतला खरा पॉवरफुल माणूस. हेडमास्तर आज कुठल्या मूडमध्ये आहेत, ही ब्रेकिंग न्यूज त्याच्याकडून मिळायची.

स्टाफही भन्नाट. गणिताचे सर सायकलवरून उतरायच्या आत पहिला प्रश्न विचारायचे. इंग्रजीचे सर कोटाच्या खिशात खडू ठेवायचे, त्यामुळे कोट कायम पांढरा. ड्रॉइंगचे मास्तर पी.टी.ही घ्यायचे, कारण दुसरा माणूसच नव्हता. नव्वद वह्या तपासणं शक्य नसायचं. मग हुशार पोरांना 'मॉनिटर' करून त्यांच्याकडून तपासून घ्यायचे. आपल्याकडे याला टीम मॅनेजमेंट म्हणतात आणि त्याचे ट्रेनिंग सेशन असतात!

तांडा अठरा किलोमीटरवर. आजोबा आणि आणखी दोन पोरं गावात एका खोलीत राहायची. शनिवारी शाळा सुटली की चालत तांड्यावर, रविवारी रात्री डोक्यावर पीठ घेऊन परत. भाकरी स्वतः थापायच्या. "पहिल्या वर्षी भाकरी अन् नकाशा, दोन्ही वाकडेच." परीक्षेच्या दिवसांत चपराशी रात्री एक वर्ग उघडून द्यायचा. तिथे एका कंदिलाभोवती बारा डोकी अभ्यास करायची.

आणि भाषा? घरी गोरमाटी, शाळेत मराठी. 'माझी आई' या निबंधात आजोबांनी आईला 'याडी' लिहिलं होतं. मॉनिटरने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर्ग फुटला. मास्तरही हसले. आजोबा हे सांगताना हसत नाहीत. त्यानंतर म्हणे दोन महिने ते वर्गात काही बोललेच नव्हते.

दाखल-खारीज

ऑफिसमधल्या क्लार्कभाऊंनी पाच मिनिटं आमच्याकडे पाहिलंच नाही. मग आजोबांनी वर्ष सांगितलं, तसा तो माणूस ताडकन उठला. "छप्पनचं? तुमी सोता? बसा ना जी बसा." चहा आला.

"सापडंल का पण?" मी विचारलं.

"काऊन नाई सापडत? आजकाल दिवसाला दहा लोक येतेत याच्यासाठी."

खरंच आहे. ज्या शाळांनी एके काळी पोरं कोंबून बसवली, त्यांच्याच कपाटांवर आज हजारो नातवंडांच्या अ‍ॅडमिशन्स अडून असतात. लाल कापडात बांधलेलं दाखल-खारीज रजिस्टर टेबलावर आलं. पानं पापडासारखी. काळ्या शाईतलं वळणदार अक्षर. अनुक्रमांक, नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याचं कारण.

भाऊंचं बोट खाली खाली येत थांबलं. आजोबांचं नाव. जात: लभाण. माझ्या पोटात गोळा. बंजारा का नाही लिहिलं? भाऊ शांतपणे म्हणाले, "यादीत हाय ते. लभाण, लमाण, बंजारा, एकच धरतेत." मी मोबाइलवर यादी काढून पाहिली. होतं. भावाचं काम झालं!

मग जन्मतारीख. १ जुलै १९४४. वरच्या पोराचीही १ जुलै. खालच्याचीही. त्या पानावर निम्मी पोरं १ जुलैला जन्मलेली. आईला आठवायचं 'पेरणीच्या वक्ताला' किंवा 'पोळ्याच्या आधी', आणि मास्तर शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तारीख टाकून मोकळे व्हायचे. आम्ही दर वर्षी केक कापतो तो या मास्तरांच्या सोयीचा. वाशिम जिल्ह्याचा वाढदिवसही तोच, हा बोनस.

आणि शेवटचा रकाना. मला वाटलं होतं तिथे 'मॅट्रिक उत्तीर्ण' असेल. तिथे होतं: 'सतत गैरहजर. नाव कमी केले.' साल १९६२. म्हणजे दहावी. तेव्हाची मॅट्रिक अकरावीला असायची. दहावीचा बोर्ड पॅटर्न आला तो १९७५ मध्ये.

आमच्या घरात 'आजोबा त्या काळचे मॅट्रिक' हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आलेय. बाबांना मार्क कमी पडले की, मला कंटाळा आला की, हेच वाक्य. मी आजोबांकडे पाहिलं. ते खिडकीतून कडुनिंबाकडे पाहत होते.

"बाप आजारी पडला," बाहेर आल्यावर ते म्हणाले. "बैल विकले. मी म्हनलं, महिन्याभरानं जाऊ. महिना काही संपला नाही." पुढे ते एस.टी.च्या डेपोत मदतनीस म्हणून लागले. खेड्यांतल्या आया पोरांचे डबे एस.टी.ने पाठवायच्या. ड्यूटी संपली की आजोबा ते डबे खोल्याखोल्यांवर पोचवायचे. हे आम्हाला माहीत होतं. का करायचे, ते आता कळलं.

"मॅट्रिक मी कधी म्हनलो नाही," ते म्हणाले. "तुमीच म्हनत गेले. मी नाही म्हनलं नाही, एवढंच."

मी विचारलं, घरी सांगू का? ते थोडा वेळ गप्प बसले. शाळा सुटली होती. पोरं सायकली काढत होती, धक्काबुक्की, आरडाओरडा. "सांग," म्हणाले. "पोराला सांग, या कागदावर पास मी नाही झालो. तू हो."

जाणार असाल तर

मुंबईहून रेल्वेने अकोला, तिथून एस.टी. किंवा अकोला-पूर्णा मार्गावरची रेल्वे. गाडी असेल तर समृद्धी महामार्गाने मालेगाव किंवा कारंजा. वाशिममध्ये १७७९ चं बालाजी मंदिर आणि पद्मतीर्थ पाहा. कारंज्याला गुरुमंदिर आणि जवळच काळविटांसाठी प्रसिद्ध सोहोळ अभयारण्य. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी ही आम्हा बंजाऱ्यांची काशी. तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. रामनवमीला मात्र गर्दीची तयारी ठेवून जा.

आणि आजी-आजोबा असतील तर त्यांना सोबत न्या. त्यांची शाळा पाहा. जन्मतारीख १ जुलै असेल, तर शेवटचा रकानाही वाचा.