उभा राहिलेला न्यायाधीश

नोकरीनिमित्त न्हावऱ्यात आलो आणि बावीस वर्षे राहिलो. शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. मुलूख पर्जन्यछायेतला. जुनी माणसे बाजरीच्या आणि मटकीच्या दिवसांच्या गोष्टी सांगत. कालव्याचे पाणी फिरले तसा ऊस आला, उसामागून साखर कारखाना आला, आणि दिवाळी सरली की ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या येऊ लागल्या. आमच्या मंडळीचे घर शेजारीपाजारी नव्हते. रविवारच्या मिस्सासाठी दौंड गाठावे लागे, आणि ते दर रविवारी जमतेच असे नाही. त्यामुळे त्या त्या दिवसाची वाचने घरीच, कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात (वीज असेल त्याप्रमाणे) वाचण्याची सवय लागली. ८२ वे स्तोत्र माझ्या वाट्याला आले ते या सवयीमुळे.

आसाफाच्या नावावर असलेले हे स्तोत्र अवघ्या आठ ओव्यांचे आहे. जुन्या लॅटिन प्रार्थनाग्रंथांत त्याचा क्रमांक ८१ असे. त्यात एक दरबार भरला आहे आणि परमेश्वर त्या दरबारात न्याय करण्यास उभा आहे. समोर बसलेल्यांना तो विचारतो की, तुम्ही कुठवर अन्यायाने निवाडे देणार आणि दुष्टांची बाजू घेणार? मग तो त्यांना त्यांचे काम पुन्हा शिकवतो : दुबळ्याला, पोरक्याला, गांजलेल्याला, कंगालाला न्याय द्या, त्याला दुष्टाच्या हातातून सोडवा. त्यांना ते उमजत नाही. ते अंधारात चाचपडतात आणि पृथ्वीचे पाये डळमळतात. अखेर निकाल लागतो : मी तुम्हांला देव म्हटले होते, परात्पराचे पुत्र म्हटले होते, तरी तुम्ही माणसांसारखेच मराल. शेवटच्या ओवीत स्तोत्रकर्ता परमेश्वरालाच उठून पृथ्वीचा न्याय करण्याची विनवणी करतो.

हे देव कोण, यावर पंडितांची मते वेगवेगळी आहेत. मूळ हिब्रूतील ‘एलोहीम’ हा शब्द एका परमेश्वरालाही लागतो आणि अनेक देवांनाही. काहींना यात कनानी लोकांच्या कल्पनेतील देवसभा दिसते. जुनी परंपरा मात्र म्हणते की, हे पृथ्वीवरचे न्यायाधीश आहेत, परमेश्वराचा अधिकार उसना घेऊन बसलेली माणसे. मला तेव्हा हा दुसरा अर्थ पटला. कारण उघड होते. माझा एक दावा चालू होता.

गावाकडे आमची वडिलार्जित जमीन आहे. चुलतभावाने बांध कोरत कोरत तीन-चार गुंठे आपल्याकडे ओढले, असे माझे म्हणणे. सात वर्षे तारखा पडत होत्या. या काळात माझी प्रार्थना कोणत्या वळणाने जात होती हे सांगायला आज संकोच वाटतो, पण सांगतो. मी ५८ वे स्तोत्र काढून वाचत असे. शत्रूचे दात पाडावेत अशी मागणी ज्यात आहे, ते. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रहर-प्रार्थनेतून ५८, ८३ आणि १०९ ही तीन शापयुक्त स्तोत्रे ख्रिस्तसभेने संपूर्ण वगळली आहेत, हे मला ठाऊक होते. तरीही, किंबहुना म्हणूनच, मी ते एकट्याने वाचत असे.

बुधवार, १४ नोव्हेंबर २००७. सामान्य काळातील ३२ वा आठवडा. दिवाळीची सुट्टी चालू होती. पहिले वाचन ज्ञानग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील होते : राजांनो, तुमचा अधिकार प्रभूने दिलेला आहे, सामान्य माणसाला दया मिळेल, पण बलवानांची झडती कडक होईल. त्यावरचे प्रतिसाद स्तोत्र हेच, ८२ वे. एखाद्या पक्षकाराने आपल्या बाजूचा निकाल वाचावा, तसे मी ते वाचले. दुबळा म्हणजे मी, दुष्ट म्हणजे चुलतभाऊ. पुढची तारीख देणारे ते आसनावरचे देव. मोठे समाधान वाटले. बाहेर मुलांचे फटाके वाजत होते.

सुट्टी संपली. मी तेव्हा एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन कचेरीच्या दारात आली. हातापायांवर उसाच्या पात्यांनी ओढलेल्या रेघा. ओढ्याकडेला पडलेल्या कोप्यांपैकी एका कोपीत तिचा संसार होता. मुलगी गावाकडे दुसरीत होती, इथे चार-पाच महिने बसू द्या, एवढेच तिचे मागणे. मी दाखला विचारला. दाखला गावच्या शाळेत, गाव बीडकडे. मुकादमाची उचल घेतलेली; एक दिवस कोयता बंद ठेवून कोण जाणार? मी म्हणालो, “दाखला आणा, मग पाहू.” आवाज चढवला नाही. पटावर नाव कसे घ्यावे, तपासणीला काय उत्तर द्यावे, हे प्रश्न खोटेही नव्हते. पण दाखल्याविना तिला मागच्या बाकावर बसू देण्यापासून मला कोणी अडवले नव्हते. बाई थोडा वेळ उभी राहिली. मी खुर्चीत बसलो होतो आणि समोरच्या कागदावर सही करीत होतो. मान वर केली तेव्हा दार मोकळे होते.

त्या हंगामात ती मुलगी मला पुष्कळदा दिसली. कधी कोपीपुढे धाकट्या भावाला कडेवर घेऊन, कधी पहाटेच्या थंडीत वाढ्यांच्या मोळीवर बसून. मार्चमध्ये टोळी उठली. मागे चुलींचे काळे दगड आणि पाचट उरले.

मी लगेच काही उमजलो, असे नाही. दोन वर्षांनी, २००९ च्या नोव्हेंबरात, विषम वर्षांच्या वाचनक्रमाप्रमाणे तेच स्तोत्र पुन्हा आले. मधल्या काळात संसदेने बालकांच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा संमत केला होता. १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येणार नाही. त्या नोव्हेंबरात मी पहिली ओवी वाचली आणि ‘उभा आहे’ या शब्दांवर अडलो. न्यायाधीश बसतो. कोर्टात उभे राहतात ते फिर्यादी, आरोपी आणि वकील. इथे मात्र आसने बसलेल्यांची आहेत आणि परमेश्वर उभा आहे. माझ्या कचेरीत कोण बसले होते आणि कोण उभे होते, हे मला कोणी सांगावे लागले नाही.

मग मी शुभवर्तमानाकडे वळलो. हे स्तोत्र प्रभू येशूने स्वतः उच्चारले आहे. योहानाच्या दहाव्या अध्यायात तो प्रसंग येतो. मंदिराच्या पुनःप्रतिष्ठापनेचा सण आहे, हिवाळा आहे, येशू शलमोनाच्या देवडीत फिरत आहे. लोकांनी दगड उचलले आहेत, आरोप देवनिंदेचा. येशू उत्तर देतो ते या स्तोत्राच्या सहाव्या ओवीने. ज्यांच्याकडे परमेश्वराचे वचन आले, त्यांना शास्त्राने देव म्हटले असेल, तर पित्याने पवित्र करून जगात पाठवलेल्याला तुम्ही निंदक कसे म्हणता? युक्तिवाद म्हणून आपण हे वाचतो आणि पुढे जातो. मला त्यातली दुसरी गोष्ट टोचली. त्या आसनांवर कोण बसतो, याची खूण येशूने सांगितली ती राजमुकुटाची किंवा पदाची नव्हे. ज्यांच्याकडे वचन आले, ते. बाप्तिस्म्यापासून माझ्याकडे ते येत होते. त्या १४ नोव्हेंबरला तर दिव्याखाली आले होते. म्हणजे दरबारात मी फिर्यादीच्या बाकावर नव्हतोच.

आणि सातवी ओवी? परात्पराचे पुत्र माणसांसारखे मरतील, हा तिथे शाप आहे. परात्पराचा खरा पुत्र मात्र खरोखरच माणसासारखा मेला. योहानच सांगतो की, पिलात न्यायासनावर बसला आणि येशूला बाहेर आणून समोर ठेवण्यात आले. निवाड्याचे आसन चुकीच्या माणसाखाली आणि न्यायाधीश आरोपीच्या जागी, हे स्तोत्रातले चित्र त्या दिवशी गब्बाथा नावाच्या फरसबंदीवर प्रत्यक्ष उभे राहिले. शापाची ओवी त्याने स्वतःच्या अंगावर घेतली. म्हणून परमेश्वराने उठावे ही आठव्या ओवीतील विनवणी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी पुनरुत्थानाची होते. श्रद्धेच्या अंगीकारात आपण त्याला पित्याच्या उजवीकडे बसलेला म्हणतो. स्तेफनाला मात्र मरताना तो उभा दिसला. हा स्तेफन कोण? ज्यांच्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जात होते, त्यांच्यासाठी निवडलेल्या सात सेवकांपैकी पहिला. पोरक्यांची आणि विधवांची बाजू घेणाऱ्याला न्यायाधीश उभा दिसावा, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

हे सगळे डोक्यात घेऊन २०११ च्या उन्हाळ्यात मी केडगावला गेलो. न्हावऱ्याहून चौफुल्याच्या बाजूला निघाले की भीमा ओलांडल्यावर केडगाव फार दूर नाही. इतकी वर्षे त्याच रस्त्याने मिस्साला जाता-येता मी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची पाटी पाहिली होती, आत गेलो नव्हतो. त्या आपल्या मंडळीच्या नव्हत्या, हे कारण मनात होते की काय, कोण जाणे. १८७० च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंचे आई-वडील आणि थोरली बहीण उपासमारीने आणि आजाराने गेली. पोरकेपण त्यांनी ग्रंथात वाचले नव्हते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, इमारती उभ्या केल्या. त्या मुलींकडे कोणते दाखले असतील?

उतारवयात याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल मराठीत आणले. अल्पशिक्षित बाईलाही कळावे अशी साधी भाषा हा त्यांचा आग्रह. छपाईचे काम आश्रमातल्याच मुली करीत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. म्हणजे पोरक्याला न्याय द्या हे वाक्य हिब्रूतून मराठीत उतरवले एका पोरक्या बाईने आणि त्याचे खिळे जुळवले तिने वाचवलेल्या मुलींनी, माझ्या शाळेपासून एका एस.टी.च्या प्रवासावर. स्तोत्रावरची टीका म्हणून मी पुष्कळ वाचले आहे. केडगावच्या त्या आवाराइतकी चांगली टीका माझ्या वाचनात नाही.

दाव्याचा निकाल २०१४ मध्ये लागला. बहुतांशी माझ्या बाजूने. मोजणी होऊन दगड रोवले गेले. चुलतभाऊ त्या दिवशी शेताच्या कडेला उभा होता. मी त्याला घरी चहाला बोलावले, तो आला नाही. त्याच्या जागी मीही गेलो नसतो.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी जुनी प्रवेश-पटपुस्तके तपासण्याचे काम निघाले. २००७-०८ चे पुस्तक हाती आले तेव्हा मी डिसेंबरचे पान उघडले. तिथे नोंद नसणार, हे ठाऊक असूनही उघडले. ती मुलगी आज पंचविशीच्या पुढे असेल. तिच्याच हातात आता कोयता आहे की आणखी काही, हे मला माहीत नाही. शोध घ्यावा असे पुष्कळदा मनात आले. पण चौकशी कोणाच्या नावाने करणार? त्या दिवशी दाखला मागितला. नाव विचारले नव्हते.